सेट मोडणाऱ्याच्या भांड्यांचे सेट

जुन्या भांड्यांचा शौकीन ओळखायची खूण सोपी आहे. बशी हातात आली की तो आधी ती उलटी करतो. हेलसिंकीत हिएतालाहती चौकाच्या जुन्या बाजारात अशी माणसं हमखास दिसतात. नक्षी मागाहून, आधी बुडाखालचा शिक्का. कारखाना कुठला, शिक्का कोणत्या काळातला, त्यावर आडवा ओरखडा आहे का? रॉयल कोपनहेगनच्या शिक्क्यातल्या तीन लाटांवर असा ओरखडा असला, की माल दुय्यम प्रतीचा. मग काठावरून नख फिरवायचं, कारण डोळ्याला चुकलेला टवका नखाला लागतो. शेवटी टिचकी. खणखणीत वाजली तर बशी धड. बद्द वाजली तर कुठेतरी केसाएवढी चीर असणार.

या मंडळींचा जीव अडकलेला असतो तो साधारण 1945 ते 1975 या तीस वर्षांतल्या उत्तर युरोपच्या भांड्यांत. बाजार त्यांना सरसकट ‘स्कँडिनेव्हियन’ म्हणतो. काटेकोर भूगोलात फिनलंड त्यात बसत नाही. पण फिनलंड वगळलं तर संग्राहकाचं अर्धं कपाट रिकामं होईल.

मूळ मात्र महायुद्धाच्याही मागे जातं. 1917 साली स्टॉकहोमच्या एका प्रदर्शनात गुस्ताव्सबर्ग कारखान्याच्या विल्हेल्म कोगे यांनी निळ्या लिलीच्या नक्षीची भांडी मांडली. ती खास कामगारांच्या घरांसाठी, स्वस्तात. कामगारांनी फारशी घेतली नाहीत. घेतली ती शिकल्यासवरल्या मध्यमवर्गाने. रोजच्या वापरातली वस्तूही देखणी हवी, हा विचार ग्रेगोर पाउल्सन यांनी 1919 मध्ये पुस्तिका लिहून स्वीडनभर नेला. विचार रुजला. गिऱ्हाईक मात्र तेच राहिलं.

या सगळ्यांत माझ्या मते मोठा माणूस फिनलंडचा काय फ्रांक. 1945 मध्ये तो हेलसिंकीच्या अराबिया कारखान्यात आला. देश युद्धात पोळलेला. कारेलिया प्रांताचा मोठा भाग सोव्हिएत संघाला गेल्यामुळे चार लाखांवर निर्वासितांना घरं द्यायची होती. घरं लहान, कपाटं त्याहून लहान. अशा घरात सोनेरी काठाचा भलाथोरला डिनर सेट ठेवणार कुठे? फ्रांकने सेटच मोडीत काढला. 1953 मध्ये बाजारात आलेली त्याची ‘किल्ता’ एकेक नग विकत मिळे. आकार गोल, चौकोनी, साधे. पांढरा, काळा, निळा, हिरवा, पिवळा असे रंग. कुठलाही कशाशीही जुळावा. वाडगे एकात एक बसत. साय ठेवायचा छोटा चंबू इतका अरुंद, की दुहेरी काचेच्या खिडकीत मधल्या फटीत राहावा. फ्रिज नसलेल्या घरात हिवाळाच फ्रिजचं काम करी.

1970 च्या दशकाच्या मध्याला किल्ता बंद पडली. 1981 मध्ये तेच आकार जास्त टणक मातीत ‘तेमा’ नावाने परत आले आणि आजही विकले जातात. फ्रांकने 1960 च्या दशकात आणखी एक हट्ट धरला होता: कारखान्याच्या वस्तूवर डिझायनरचं नाव मिरवू नये. आज लिलावाच्या यादीत पहिलं छापतात ते त्याचंच नाव, आणि लोक धडपडतात किल्ताचा पूर्ण सेट जमवायला!

अराबियातच उल्ला प्रोकोपेची ‘रुस्का’ झाली. काळपट तपकिरी, दगडी पोताची. भट्टीत झिलई कमीजास्त उतरे, म्हणून दोन बशा कधी हुबेहूब एक होत नसत. 1999 पर्यंत ती निघत राहिल्याने अजून मुबलक मिळते. नवख्याने सुरुवात इथूनच करावी.

स्वीडनमध्ये स्टिग लिंडबर्गचं राज्य. त्याच्या ‘बेर्सो’च्या कपावर हिरवी पानं कवायतीला उभी केल्यासारखी ओळीत आहेत. 1961 ते 1974 असं ते उत्पादन चाललं. 2005 पासून पुन्हा काढलं, त्यामुळे बेर्सोत शिक्का बघितल्याशिवाय पैसे मोजूच नयेत. रोर्स्त्रांद कारखान्याची मारियान वेस्टमन आणि नॉर्वेच्या फिग्यो कारखान्याची तूरी ग्रामस्ताद ओलिवेर यांची नक्षीकाम केलेली भांडी गोड आहेत. मला जरा जास्तच गोड वाटतात.

इनॅमलची तऱ्हा वेगळी. नॉर्वेत हाल्देनच्या काथरीनेहोम कारखान्यातली कमळाच्या पाकळ्यांची भांडी आज जगभर मागणीत आहेत. त्यांचे आकार ग्रेते प्रित्झ किटेल्सन यांचे. पाकळ्या आर्ने क्लाउसेन यांच्या. बाईंना त्या पाकळ्या पसंत नव्हत्या. आकार आणि रंग एवढं पुरे, असं त्यांचं मत. बाजाराने त्यांचं ऐकलं नाही. बाईंचे बिनपाकळ्यांचे वाडगे हातात घेऊन पाहावेत. खोलगट, शांत, एकाच रंगाचे. मी बाईंच्या बाजूने.

डेन्मार्कच्या येन्स क्विस्टगोरचं 1956 चं ‘कोबेनस्टाइल’ पातेलंही असंच लाडकं. त्याच्या झाकणाची चौफुलीसारखी मूठ अशी, की झाकण उलटं ठेवलं तर त्यावरच गरम पातेलं टेकवता येतं. ते विकणारी ‘डान्स्क’ ही कंपनी मात्र अमेरिकन होती, हे विकणारे सहसा सांगत नाहीत.

अराबियाच्या हेलसिंकी कारखान्यातलं उत्पादन 2016 मध्ये थांबलं. आता माल थायलंड आणि रुमानियातून येतो. साहजिकच ‘फिनलंडमध्ये बनलेलं’ या जुन्या शिक्क्याचा भाव चढला. स्टॉकहोम-हेलसिंकीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी घरांतून कुणी येणार असेल, तर जुन्या बाजारातून एखादा नग जरूर मागवावा. कपाटासाठी नको, चहासाठी मागवा. झिलईला बारीक जाळं पडलेलं असेल तर घेऊ नका, तेल आणि चहा आत मुरतात. टवका उडालेलं इनॅमल गंजतं. आणि जुन्या लाल, केशरी, पिवळ्या इनॅमलमध्ये शिसं किंवा कॅडमियम असू शकतं; त्यात फळं ठेवा, लोणचं ठेवू नका.