गहू न मानवणारी मुले आणि त्यांचा आहार

शाळेच्या हजेरीपटावर काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वारंवार आढळतात. मूल बुद्धीने मंद नसते. परंतु पोट फुगलेले, हातपाय काटकुळे, चेहरा फिका आणि उंची वयाच्या मानाने कमी, अशी त्याची स्थिती असते. जुलाब थांबतात व पुन्हा सुरू होतात. रक्तवाढीच्या गोळ्या देऊनही गुण येत नाही. घरी त्यास दृष्ट लागली असे म्हणतात, शाळेत ते आळशी ठरते. अशा मुलांपैकी काहींच्या दुखण्याचे मूळ त्यांच्या रोजच्या ताटात असते. शिक्षकांस हे दुखणे ओळखता यावे आणि एकाहून अधिक पदार्थ न मानवणाऱ्या मुलाचा सांभाळ कसा करावा याची कल्पना यावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

रोगाचे स्वरूप

गहू आणि जव या धान्यांत ग्लूटेन नावाचे चिकट प्रथिन असते. काही व्यक्तींच्या शरीरातील संरक्षक शक्ती या प्रथिनास शत्रू समजते आणि त्याच्याशी झुंजताना स्वतःच्याच लहान आतड्यास इजा करते. आतड्याच्या आतील अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे सूक्ष्म अंकुर असतात. अन्नरस त्यांच्यामार्फत रक्तात जातो. हे अंकुर झिजले म्हणजे खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. या रोगास सीलियाक म्हणतात. तो संसर्गजन्य नाही. मात्र त्याकडे असणारा कल आनुवंशिक असतो.

रोगाची लक्षणे फार पूर्वीपासून ज्ञात होती. कारण मात्र उशिरा कळले. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांस गव्हाविषयी संशय होताच. 1944-45 च्या हिवाळ्यात त्या देशात दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा इतर मुले खंगत असता या रोगाची मुले सुधारली. पाव पुन्हा मिळू लागताच ती पुन्हा आजारी पडली. 1950 मध्ये डिके यांनी आपला प्रबंध सादर केला आणि गव्हाचा दोष सिद्ध झाला.

आपल्या देशात गहू हे मुख्य अन्न असलेल्या उत्तर भागात सुमारे शंभरांत एकास हा रोग आढळतो. दक्षिणेत त्याचे प्रमाण पुष्कळच कमी आहे. मराठवाडा हा मूळचा ज्वारीचा प्रदेश. परंतु रेशनचा गहू आणि बाजारची बिस्किटे वाडीतांड्यांपर्यंत पोचली असल्याने येथेही सावध असणे बरे.

एकाहून अधिक पदार्थ न मानवणे

गहू न मानवणाऱ्या मुलास पुष्कळदा दूधही पचत नाही. दुधातील साखर पचविणारे लॅक्टेज हे विकर त्याच अंकुरांच्या टोकांशी तयार होते. अंकुर झिजले की विकर उणे पडते आणि दूध पिताच पोट फुगून जुलाब होतात. गहू बंद केल्यावर अंकुर हळूहळू भरून येतात व बहुधा काही महिन्यांत दूध पुन्हा सोसू लागते. तोपर्यंत दुधाऐवजी थोडे दही देऊन पाहावे.

भुईमूग, अंडे, मासे अथवा दूध यांची ॲलर्जी ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिच्यात पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांतच अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित श्वास कोंडतो. श्वास कोंडल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

या तीन प्रकारांचे नियम भिन्न आहेत. सीलियाकमध्ये गहू जन्मभर व पूर्णपणे वर्ज्य. अल्प मात्राही आतून अपाय करते, जरी वरून काही दिसले नाही. दुधाच्या साखरेचा प्रश्न प्रमाणाचा असतो. ॲलर्जीत तो पदार्थ मुळीच देऊ नये; तथापि दूध व अंडे यांची ॲलर्जी पुष्कळ मुलांत वाढत्या वयात नाहीशी होते, म्हणून वेळोवेळी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

तपासणीपूर्वी गहू सोडू नये

येथे एक चूक वारंवार घडते. संशय येताच पालक गहू बंद करतात आणि नंतर रक्त तपासतात. गहू बंद असता रक्तातील खुणा मावळतात व रोग असूनही तपासणीत तो दिसत नाही. म्हणून आधी तपासणी, मग पथ्य, हा क्रम पाळावा. निदान झाल्यास मुलाच्या भावंडांचीही तपासणी करावी.

प्रत्येक फिके मूल या रोगाचे नसते, हेही ध्यानी असावे. जंतांमुळे रक्त कमी होते. किनवट-माहूर भागातील आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजारही आढळतो. निदान शिक्षकाने करावयाचे नाही. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्यांस असे मूल आवर्जून दाखवावे. पुढील तपासणीची सोय नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयात होऊ शकते.

दुसरी चूक म्हणजे एकाच वेळी अनेक पदार्थ तोडणे. गहू, दूध, डाळ, अंडे, शेंगदाणे सर्वच बंद केले तर मूल रोगाऐवजी उपासाने खंगते. एका वेळी एकच पदार्थ बंद करावा, परिणाम वहीत टिपावा आणि जो बंद केला त्याची भरपाई करावी. दुधाऐवजी नाचणी, तीळ व शेवग्याचा पाला, शेंगदाण्याऐवजी फुटाणे, अंड्याऐवजी डाळीचे घट्ट वरण.

आपल्या भागातील अन्न

ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, सर्व डाळी, भाज्या व फळे यांत ग्लूटेन नाही. भाकरी, आंबील, कण्या, वरणभात हे आपले जुने अन्नच येथे औषध ठरते. महागड्या डबाबंद पदार्थांची गरज नाही.

मात्र लपलेला गहू ओळखावा. रवा, मैदा, शेवया, पाव व लापशी ही गव्हाचीच रूपे होत. धपाट्यांच्या व थालीपिठाच्या पिठात गहू मिसळण्याची रीत आहे. बाजारच्या हिंगाच्या पुडीतही पुष्कळदा मैदा असतो. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी दळली तर राहिलेले गव्हाचे पीठ तीत उतरते. म्हणून आधी दुसऱ्याचे ज्वारीचे दळण होऊ द्यावे, मग आपले टाकावे. पिठाचा डबा, परात व तवा निराळे ठेवावेत.

शाळेतील व्यवस्था

शालेय पोषण आहार आपल्याकडे मुख्यतः तांदळाचा आहे; प्राथमिक वर्गातील मुलामागे 100 ग्रॅम धान्य व 20 ग्रॅम डाळ असे त्याचे प्रमाण ठरलेले आहे. त्यामुळे हिंग व मसाला पाहून घेतल्यास खिचडी या मुलास सर्वांबरोबर खाता येते. स्वयंपाकी ताईंस मुलाचे नाव व वर्ज्य पदार्थ सांगून ठेवावेत. ज्या दिवशी बिस्किटे अथवा शिरा वाटला जाईल, त्या दिवशी त्याच्यासाठी केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू आधीच आणून ठेवावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की त्यास वेगळे बसवू नये. पथ्य अन्नाचे असते, पंक्तीचे नव्हे. वर्गातील मुलांस कारण समजावून सांगितले तर तीच डब्यातील पोळी त्यास देण्याचे टाळतील आणि भाकरीत वाटेकरी होतील. मुलाचे वजन व उंची दर महिन्यास नोंदवावी. पथ्य नीट पाळले गेल्यास त्या आकड्यांतच सुधारणा दिसू लागते, आणि हजेरीपटावरील खुणाही कमी होतात.