लिस्बन : भूकंपाच्या अलीकडचे आणि पलीकडचे
(लेखमाला : युरोपातली गजबजती शहरे – लेखांक ५)

लिस्बनला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी एक तारीख लक्षात ठेवायला सांगतो : १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण होता. सकाळी साडेनऊच्या सुमारास, चर्चे माणसांनी भरलेली आणि मेणबत्त्या पेटलेल्या असताना जमीन हादरली. लोक जीव घेऊन नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावले. तासाभराच्या आतच तेजो नदीच्या मुखातून समुद्र शहरात घुसला. पाण्यापासून जे वाचले ते पुढे पाच-सहा दिवस जळत राहिले. मृतांचे अंदाज दहा हजारांपासून साठ हजारांपर्यंत जातात.

आज पिवळ्या ट्राम, फादोची गाणी आणि उन्हात झळाळणारी नदी पाहायला जगभरातून माणसे लोटतात. पण त्या दिवशी काय पडले, काय टिकले आणि पडलेल्या जागी काय उभे राहिले, हे कळल्याशिवाय हे शहर हाती लागत नाही.

सुरुवात नदीकाठच्या चौकातून करावी. नकाशावर त्याचे नाव ‘प्रासा दो कोमेर्सियो’, म्हणजे व्यापार चौक. पण लिस्बनकर अजून ‘तेरैरो दो पासो’, राजवाड्याचे अंगण, असेच म्हणतात. राजवाडा मात्र नाही. तो ग्रंथालयासकट त्या दिवशी गेला. राजा जोसे पहिला सकाळीच कुटुंबासह शहराबाहेरच्या बेलेम भागात गेला होता म्हणून वाचला. पण दगडी छताची त्याने अशी धास्ती घेतली की पुढे आयुष्यभर आजुदाच्या टेकडीवर लाकडी वाड्यात राहिला. चौकात मधोमध त्याचाच घोड्यावरचा पुतळा आहे, १७७५ सालचा.

पुतळ्यामागच्या कमानीतून आत शिरले की बायशा हा सखल भाग लागतो. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते, एका उंचीच्या इमारती, एकसारख्या खिडक्या. हे घडवले राजाचे मंत्री सेबास्तियाव जोसे यांनी, जे पुढे मार्किस ऑफ पोंबाल झाले. मानुएल द माया या वयोवृद्ध मुख्य अभियंत्याने आराखडे मांडले आणि एउजेनियो दोस सांतोस व कार्लोस मार्देल यांनी ते प्रत्यक्षात आणले. रस्ते धंद्यांप्रमाणे वाटून दिले : सोनारांचा वेगळा, चांदीकामाचा वेगळा, चांभारांचा वेगळा. पाट्यांवर ती नावे आजही आहेत.

खरी करामत भिंतींच्या पोटात आहे. प्रत्येक इमारतीत आधी फुलीच्या आकाराच्या तुळयांचा लाकडी सांगाडा उभारला आणि मग दगड-विटा भरल्या. आपल्या जुन्या वाड्यांत लाकडी चौकट भार पेलते, तसेच काहीसे. फरक एवढाच, की इथे ती मुद्दाम भूकंपासाठी आखली होती. हादरा बसला की लाकूड लवते, घर कोसळत नाही. नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून त्याची परीक्षा घेतली, असे सांगतात. शेजारशेजारच्या इमारतींमधल्या भिंती छपराच्या वर काढल्या, कारण आगीचा धडाही ताजा होता. रुआ दोस कोरेइरोस या रस्त्यावर एका बँकेच्या तळघरात उत्खनन जपले आहे. तिथे चिखलात ठोकलेले पाइनचे खुंट दिसतात. वरचे सगळे त्यांच्यावर तोलले आहे. रांगेत उभे राहायचेच असेल तर ते इथे राहावे.

पोंबाल यांनी देशभरच्या धर्मगुरूंकडे प्रश्नावलीही पाठवली : धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधी चढला की ओसरला, किती घरे पडली. दैवी कोप म्हणून हात जोडून बसण्याच्या काळात कोणीतरी मोजमाप मागत होते. भूकंपशास्त्राच्या इतिहासात या प्रश्नावलीला मोठा मान आहे, आणि तो योग्यच आहे.

वरच्या टेकडीवर कार्मोचा मठ आहे, १३८९ सालचा. भूकंपानंतर दुरुस्ती सुरू झाली, पण १८३४ मध्ये देशातले मठ बरखास्त झाले आणि काम थांबले ते थांबलेच. आता कमानींच्या वर छप्पर नाही, नुसते आभाळ आहे. सांता जुस्ता ही १९०२ सालची लोखंडी लिफ्ट इथेच आणून सोडते. पण शेजारच्या शियादो भागातून चालत आलात तरी चालते.

मठासमोरचा छोटा चौक मराठी आणि कोकणी माणसाने चुकवू नये. २५ एप्रिल १९७४ रोजी इथल्याच छावणीत पोर्तुगालमधल्या हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान मार्सेलो कायतानो अडकला आणि शरण आला. सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी कार्नेशनची फुले खोवली. गोवा १९६१ मध्येच मुक्त झाला होता, पण जुन्या राजवटीने ते मान्य केले नव्हते. नव्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

आल्फामाच्या टेकडीवर भूकंपाचा मार कमी बसला, म्हणून अरबांच्या काळापासूनच्या बोळांची ठेवण तिथे टिकून आहे. २८ नंबरची ट्राम भिंतींना खेटून वळते. सांता लुझिया चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांचे चित्र आहे : भूकंपापूर्वीचा तोच नदीकाठचा चौक, राजवाड्यासकट. तिथून खाली उतरलात की टोकदार दगडांची ‘काझा दोस बिकोस’ दिसेल. गोवा जिंकणाऱ्या आल्बुकर्कच्या मुलाने १५२३ मध्ये ती बांधली. वरचे मजले १७५५ मध्ये पडले आणि १९८० च्या दशकात पुन्हा उभारले.

बेलेम वाचले. जेरोनिमोश मठाच्या खांबांवर दोरखंड, प्रवाळ, वेली कोरल्या आहेत. हा थाट आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरील कराच्या पैशातून आला, हे वास्को द गामाच्या कबरीजवळ उभे असताना विसरू नये. थोडे पुढे बेलेमचा बुरूज. त्याच्या एका कोपऱ्यातल्या टेहळणी-मनोऱ्याच्या तळाशी झिजलेले गेंड्याचे डोके आहे. गुजरातच्या सुलतानाने आल्बुकर्कला दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने निघून मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला होता. जर्मन चित्रकार ड्युररने तो न पाहताच, केवळ वर्णन आणि रेखाटनावरून, आपले प्रसिद्ध लाकूडचित्र काढले.

बुरुजाच्या दारातल्या गर्दीत हे डोके कोणाच्या नजरेला पडत नाही. तुम्ही मात्र आत जाण्याआधी बाहेरून, वायव्येच्या कोपऱ्यात, मान वर करून ते नक्की शोधा.