व्हीसेंटर दुसऱ्या टप्प्यात अडकलं? आधी डीएनएस बघा

व्हीएमवेअरचा व्हीसेंटर सर्व्हर बसवताना पहिला टप्पा सहसा सुरळीत पार पडतो. त्यात अप्लायन्सची व्हर्च्युअल मशीन होस्टवर फक्त उतरते. खरी परीक्षा दुसऱ्या टप्प्यात असते, कारण तिथे सगळ्या सेवा कॉन्फिगर होऊन एकेक सुरू होतात. इन्स्टॉलेशन इथे कोसळलं, तर मंडळी, पहिला संशय डीएनएसवर घ्या!

सर्व्हरच्या पूर्ण नावावरून आयपी मिळायला हवा आणि त्या आयपीवरून तेच नाव परत मिळायला हवं. सरळ नोंद सगळे करतात. उलटी, म्हणजे पीटीआर नोंद, हमखास राहून जाते. इन्स्टॉलर उघडण्याआधीच एनएसलुकअप दोन्ही बाजूंनी चालवून बघा. सिंगल साइन-ऑन आणि प्रमाणपत्रं याच नावावर उभी राहतात, त्यामुळे इथे चालढकल नको.

मग घड्याळ. होस्ट आणि अप्लायन्सच्या वेळेत तफावत असेल, तर टोकन आणि प्रमाणपत्रं अवैध ठरू शकतात. दोघांनाही एकच एनटीपी सर्व्हर द्या.

स्क्रीनवरचा एरर बऱ्याचदा मोघम असतो, त्यावर विसंबू नका. एसएसएच बंद असेल तर कन्सोलवर ऑल्ट-एफ१ दाबून आत शिरा आणि व्हार-लॉगमधला फर्स्टबूट फोल्डर उघडा. कोणती सेवा पडली ते तिथे नावानिशी सापडतं. मला तरी हा फोल्डर सगळ्यात मोलाचा वाटतो.

आणि हो, पहिला टप्पा संपताच स्नॅपशॉट घ्या. दुसरा टप्पा फसला, तर थांबल्या जागेवरून पुढे जाता येत नाही. स्नॅपशॉट नसेल तर मशीन काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.