तारेवरची कल्हई
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आज तारेबद्दल बोलू. मागच्या कार्यक्रमानंतर दोन गटांकडून दोन प्रश्न आले आणि गंमत अशी, की ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एका ताईंच्या शेतात सौर पंप बसला. बसवणाऱ्यानं टाकून दिलेला वायरचा तुकडा त्यांनी घरी नेऊन सोलला, तर आतली तार पांढरी. "तांबं सांगून ॲल्युमिनियम घातलं की काय?" असं त्या विचारतात. दुसऱ्या गटानं मिरची कांडपाचं यंत्र घेतलं. त्यांची वायर आतून लाल, चांगली तांब्यासारखी. पण तासभर यंत्र चाललं की वायर हाताला गरम लागते.

दिसायला वाईट ती पहिलीची तार, पण बहुतेक अस्सल तीच आहे. दुसऱ्या गटाची तपासावी लागेल. कारण दोन्ही तारांवर दुसऱ्या धातूचा मुलामा आहे. एकीवर तो राखणीसाठी दिलाय, दुसरीवर दिसण्यासाठी दिलेला असू शकतो.

मुलामा म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्या सासवांच्या काळात कल्हईवाला गावात यायचा. झाडाखाली भट्टी लावायचा, भाता मारायचा. तांब्या-पितळेचं भांडं राखेनं घासून तापवायचा, नवसागर टाकला की पांढरा धूर निघायचा, मग कथलाचा तुकडा टेकवून चिंधीच्या बोळ्यानं भरभर फिरवायचा. भांडं आतून चांदीसारखं लखलखायचं. तसं केलं नाही तर ताक, आमटी कळकायची, कारण आंबट पदार्थ तांब्याला खातो. कथील त्या दोघांच्या मधे बसतं.

सौर पंपाच्या वायरीत नेमकं हेच केलेलं असतं. आत तांबं, वर कथलाची कल्हई. वायर पंचवीसेक वर्षं उन्हापावसात टिकावी अशा हिशेबानं ती बनवतात. उघडं तांबं ओलीनं, हवेनं काळं-हिरवं पडतं. जोडाच्या ठिकाणी तसं झालं की वीज अडखळते आणि जोड तापतो. कल्हई असली की तांबं स्वच्छ राहतं, डागही चांगला बसतो. ही रीत जुनी आहे. पूर्वी वायरीवर प्लास्टिक नसायचं, रबर असायचं. रबर टिकाऊ करायला त्यात गंधक घालतात आणि गंधक तांब्याला काळं करतं, म्हणून त्या काळी रबराच्या वायरीतलं तांबं कल्हईचंच असायचं. रबर गेलं, पण जिथं ओल, ऊन, उष्णता आहे तिथं कल्हई राहिली.

तेव्हा त्या ताईंनी तुकडा पाटीवर ठेवून पात्यानं खरवडावा. पांढऱ्याखाली लाल निघालं तर काळजी मिटली. मात्र एक कान धरून सांगते: पॅनलपासून येणाऱ्या बसवलेल्या वायरीला दिवसा असं कधी करू नका. पंप बंद असला तरी ऊन आहे तोवर ती वायर जिवंत असते.

आता ही तार बनते कशी ते ऐका, म्हणजे पुढची फसवणूक आपोआप कळेल. गोंदियाच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे. ती हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीची. त्याच कंपनीचा आपल्या रायगड जिल्ह्यात तळोजाला कारखाना आहे, १९८९ सालचा, वर्षाला ६०,००० टन क्षमतेचा. तिथं शुद्ध तांबं वितळवून त्याची अखंड सळई ओततात, बहुतेक ८ मिलिमीटर जाडीची, आपल्या करंगळीहून बारीक. वायरी बनवणारे कारखाने अशा सळया घेतात. पुण्याची फिनोलेक्स १९५८ पासून या धंद्यात आहे, हे नाव तुम्ही दुकानात वाचलंच असेल.

सळईची तार करायला ती छिद्रातून काढतात. तुम्हाला शेवयांचा साचा आठवेल, पण फरक आहे. शेवया आपण मागून दाबतो, तार पुढून ओढतात. एकापेक्षा एक बारीक छिद्रं ओळीनं असतात. ती झिजू नयेत म्हणून फार कडक धातूची, अगदी बारीक तारेला तर हिऱ्याची करतात. सळई प्रत्येक छिद्रातून जाताना बारीक आणि लांब होत जाते. घरच्या अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत पुष्कळदा ०.३ मिलिमीटरच्या छत्तीस तारा असतात. एक मीटर सळईची तेवढी बारीक तार काढली, तर ती सातशे मीटरच्या वर भरते. पैठणीची जर ज्यांनी जवळून पाहिली असेल त्यांना हे नवं वाटणार नाही. जर म्हणजे मुलामा दिलेली, ओढून चपटी केलेली, रेशमाभोवती गुंडाळलेली तारच. तारकशी आपल्याकडे विजेच्या कितीतरी आधीपासून आहे.

ओढून ओढून तार ताठर होते, वाकवली तर तुटते. म्हणून तिला तापवून पुन्हा मऊ करतात. मग पाळी कल्हईची, आणि इथं कारखाना कल्हईवाल्याच्याच पावलांनी चालतो. राखेच्या जागी पातळ आम्ल, नवसागराच्या जागी त्याच जातीचं द्रावण, आणि मग वितळलेल्या कथलाचं कुंड. कथील २३२ अंशांना वितळतं, तांब्याला १०८५ लागतात, त्यामुळे तार त्या कुंडातून सुखरूप जाते. बाहेर पडताना बोळ्याच्या ऐवजी नेमक्या छिद्रातून जास्तीचं कथील पुसलं जातं. उरतो तो थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावा लागतो. दुसरी पद्धत विजेच्या साहाय्यानं द्रावणातून थर चढवण्याची. थर कुठं फाटला का हे बघायला तारेचा नमुना गंधकाच्या द्रावणात बुडवतात. जिथं तांबं उघडं असेल तिथं काळा ठिपका उठतो. रबरातल्या गंधकाचा दोष इथं परीक्षेला कामी आला.

घरातली फ्यूजची तारही बहुतेक हीच, कल्हईची तांब्याची. पाच अँपियरला ०.२ मिलिमीटर, पंधरा अँपियरला ०.५ मिलिमीटर, असा तिचा हिशेब असतो. करंट वाढला की ती वितळावी हेच तिचं काम. उघडं तांबं गरम होऊन होऊन पापुद्रे धरतं, झिजतं, मग हिशेब चुकतो, म्हणून कल्हई. "सारखी जळते" म्हणून कुणी तिथं केबलची जाड तार गुंडाळली असेल, तर त्या घरात फ्यूज नाहीच असं समजा. पुढं जळायचं ते घरातली वायर, नाहीतर मोटार.

दुसरा मुलामा बघायला मान वर करा. खांबावरून शेतात आलेली लाईन तांब्याची नसते. मधे एक पोलादाची तार आणि भोवती ॲल्युमिनियमच्या सहा, असा तो सात तारांचा पीळ. ॲल्युमिनियम वीज वाहतं, पोलाद ओझं पेलतं. या तारांना इंग्रजांनी जनावरांची नावं दिली, ती आजही चालतात: बारीक ती स्क्विरल म्हणजे खार, तिच्याहून जाड रॅबिट म्हणजे ससा, मग डॉग. सशाची प्रत्येक तार ३.३५ मिलिमीटरची. मधल्या पोलादावर जस्ताचा थर असतो, आपल्या बादलीवर, पत्र्यावर असतो तोच. जस्ताचा स्वभाव वेगळा. कथील नुसतं पांघरूण घालतं, जस्त मात्र पोलादाच्या आधी स्वतः गंजतं, ओरखडा पडला तरी शेजारून राखण करतं. त्याची परीक्षा मोरचुदानं होते, तेच निळं मोरचूद जे आपण बोर्डो मिश्रणात घालतो. नमुना मोरचुदाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवायचा. जस्त संपून पोलाद उघडं पडलं की तिथं लाल तांबं चिकटतं. अशी लाईन तुटून पडलेली दिसली तर जवळ जाऊ नका, लेकरांना, जनावरांना जाऊ देऊ नका, १९१२ वर महावितरणला कळवा.

आता कांडपाच्या वायरीकडं येते. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा थर दिलेली तार मिळते. ती करायची रीत आपल्या पुरणपोळीसारखी. ॲल्युमिनियमच्या सळईभोवती तांब्याची पट्टी गुंडाळून सांधा डागतात आणि मग छिद्रांतून ओढतात. उंड्यात पुरण भरून लाटलं की पोळी केवढीही मोठी होवो, वर कणीक आणि आत पुरण राहतंच. तशी ही तार केसाएवढी बारीक झाली तरी वर तांबं, आत ॲल्युमिनियम. तांब्याचा भाग साधारण दहा ते पंधरा टक्के.

ही तार मुळात वाईट नाही, हे सांगितलं पाहिजे. टीव्हीच्या डिशच्या केबलमधली मधली तार पुष्कळदा अशीच असते, ॲल्युमिनियमवर नाहीतर पोलादावर तांबं. ते चालतं, कारण तो संदेश सेकंदाला कोट्यवधी वेळा हेलकावतो आणि तारेच्या नुसत्या कातडीतून धावतो. आत काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नासच हेलकावे घेते. ती तारेच्या पोटातून, सगळ्या अंगातून जाते. तिथं आत काय आहे हाच प्रश्न असतो.

हिशेब करून सांगते. बोर्डापासून यंत्र तीस मीटरवर आहे, वायर अडीच चौरस मिलिमीटरची, करंट बारा अँपियर. तांब्याच्या वायरीत वाटेतच सुमारे ६४ वॅट उष्णतेत जातात. त्याच जाडीच्या मुलाम्याच्या वायरीत सुमारे ९८. दीडपट तापते, आणि यंत्राला व्होल्टेजही कमी मिळतं. आधीच आपल्याकडं संध्याकाळी दिवा मिणमिणतो, त्यात ही भर. त्याहून वाईट जोड. स्क्रूखाली ॲल्युमिनियम हळूहळू दबतं, पकड सैल होते. कापलेल्या टोकाला ओल लागली तर तांब्याशेजारचं ॲल्युमिनियम लवकर खाल्लं जातं. सैल जोडात ठिणगी, आणि खाली मिरचीची पूड नाहीतर गिरणीचं पीठ उडालेलं. पुढचं सांगायला नको.

मग तरी विकतात का? तांबं किलोला ॲल्युमिनियमच्या तिपटीहून महाग, आणि तेवढ्याच जाडीला वजनही तिपटीहून जास्त. एका बंडलामागं केवढा फरक पडतो बघा. गिऱ्हाइकाला "मुलाम्याची तार आहे" असं सांगून कुणी कमी भावात दिली तर ती खरेदी-विक्री झाली. "कॉपर" म्हणून दिली तर ती लबाडी.

ओळखायला आपल्याकडं तराजू आहे, तोच पुरे. अडीच चौरस मिलिमीटरच्या नव्वद मीटर बंडलात नुसतं तांबंच पावणेदोन ते दोन किलो असतं. वेष्टन धरून बंडल अडीच किलोच्या वर भरायला पाहिजे. मुलाम्याच्या तारेत धातू पाऊण किलोच्या आसपास, अख्खं बंडल पावणेदोन किलोच्या आगेमागे. उधारीच्या वहीत मीटर लिहिले जातात, वजन कुणी विचारत नाही. विचारा. मग पात्यानं खरवडा: लालखाली लाल तर तांबं, लालखाली पांढरं तर मुलामा. तरी शंका राहिली तर बारीक तारेचं वेष्टन पूर्ण काढून, चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीत धरा. तांबं लाल होऊन तसंच राहतं, ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं, तार मोडून गळते. वेष्टनासकट जाळू नका, तो धूर विषारी असतो. आणि हे सगळं न जोडलेल्या तुकड्यावर, चालू वायरीवर कधीच नाही.

मोटार भरायला टाकाल तेव्हाही हेच. नव्या तारेचं टोक खरवडून बघा, जुनं तांबं वजन करून द्या आणि नवं किती भरलं ते लिहून घ्या. मालक म्हणतील, "तुला काय कळतंय त्यातलं." ज्या हातांनी कल्हई उडालेलं पातेलं ओळखलं, त्यांना तारेचं टोक ओळखायला कितीसा वेळ?

ज्या गटाची वायर गरम होते त्यांनी यंत्र बंद करून, मेन पाडून, वायरमनकडून आधी जोड कसून घ्यावेत. तेवढ्यानं भागलं नाही तर टोकाचा तुकडा कापून घेऊन वरच्या परीक्षा कराव्यात. तार तांब्याची निघाली तर ती यंत्राच्या मानानं बारीक पडते आहे, जाड घ्यावी लागेल. मुलाम्याची निघाली तर बदलावीच लागेल, आणि त्यासाठी बिल हातात पाहिजे. नवी घेताना बिलावर "कॉपर" हा शब्द, जाडी आणि मीटर लिहून घ्या. वेष्टनावर आयएसआयचा शिक्का आणि त्याच्यासोबत सीएम/एल असा क्रमांक असतो. मोबाईलवर बीआयएस केअर नावाचं ॲप आहे, त्यात तो क्रमांक टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे, चालू आहे की संपला, ते दिसतं. गटातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला दुकानातच ते उघडायला सांगा, पैसे मोजायच्या आधी.