पांढऱ्या पानांचे हिरवे देणे

मनीप्लँट चोरून आणला तरच घरात पैसा येतो, असे म्हणतात. माझा मी चोरलेला नाही. म्हणूनच की काय, महिनाअखेरची माझी परिस्थिती आहे तशीच आहे. ही वेल माझ्या आजीची. ती गेल्यावर गावचे घर विकले, भांडीकुंडी वाटली गेली. पडवीतल्या कुंडीकडे मात्र कोणी पाहिले नाही, म्हणून ती माझ्या वाट्याला आली. हिरव्या पानांवर चुना शिंपडावा तसे पांढरे पट्टे! आजी तिला ‘कबरी’ म्हणे, गाईला हाक मारावी तशी.

शहरातल्या खोलीत मी तिला मोठ्या मानाने पुस्तकांच्या कपाटावर, खिडकीपासून दूर बसवले. चार-पाच महिन्यांत नवी पाने येऊ लागली ती नुसती हिरवी. कबरीचे कबरेपणच चालले होते. घाबरून मी पाणी वाढवले, तर खालची पाने पिवळी पडून गळू लागली. आजीची एवढीच एक वस्तू माझ्याकडे, आणि तीही माझ्या हातून जाणार! शेवटी वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका शेजाऱ्यांना गाठले. त्यांनी समजावले आणि पुढे अनुभवाने पटले, ते कलाशाखेच्या भाषेत सांगते.

पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. प्रकाशाच्या मदतीने अन्न तयार होते ते त्याच्यामुळे. पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसते. म्हणजे तो भाग स्वतः कमावत नाही. हिरव्या भागाच्या कमाईवर जगतो. एकत्र कुटुंबच म्हणा ना! उजेड चांगला असेल तर थोडे कमावते हात सर्वांना पोसतात. उजेड कमी पडला की वेलीला ही चैन परवडत नाही, आणि नवी पाने हिरवी येऊ लागतात. तेव्हा माझी कबरी आजारी नव्हती, काटकसर करीत होती.

म्हणून पहिली गोष्ट उजेडाची. खिडकीजवळ भरपूर उजेड हवा, पण दुपारचे कडक ऊन अंगावर नको. त्याने पांढरा भागच आधी करपतो. एकदा हिरवे उमललेले पान पुन्हा पट्टेरी होत नाही. त्यामुळे जिथपर्यंतची पाने पट्टेरी होती, त्याच्या पुढची हिरवी वेल मी छाटून टाकली. हात थरथरला, पण उरलेल्या पेरातूनच नवा कोंब फुटतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. मुळांनाही हवा लागते. सतत चिखल असेल तर ती कुजतात. बोट मातीत इंचभर खुपसावे, कोरडे लागले तरच पाणी घालावे. पावसाळ्यात तर हात आणखी आखडता घ्यावा. कुंडीला तळाशी भोक हवे, माती भुसभुशीत हवी. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी. धुळीने उजेड अडतो.

ही वेल मूळची प्रशांत महासागरातल्या मूरिया बेटाची. शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. झाडावर चढायला मिळाले तर हिची पाने सुपाएवढी होतात. आपल्या बागांतल्या जुन्या झाडांवरही ती दिसतात. कूळ मात्र आपल्या अळूचे आणि सुरणाचे. खाजऱ्या अळूने घसा धरतो ना, तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक हिच्यातही असतात. अळूला चिंच घालून शिजवता येते. ही मात्र खाण्याची वस्तूच नव्हे. रांगते मूल किंवा मांजर घरात असेल तर कुंडी उंचावर टांगावी.

छाटल्यानंतर सहा आठवडे काहीच घडले नाही. मग एके सकाळी पेरातून कोंब डोकावला. त्याची सुरळी उलगडायला आणखी काही दिवस लागले, आणि आत पांढरा पट्टा होता! परवा आत्या आली. खिडकीकडे पाहून एवढेच म्हणाली, “अगं, ही तर आईची कबरी!”

कोणाला हवी असल्यास दोन पेरांची काडी मी आनंदाने देईन. पाण्यात ठेवली तरी मुळे फुटतात. पाणी आठवड्याला बदलावे. चोरायची मुळीच गरज नाही.