पिशवी वितळेपर्यंत

रात्री अडीचला रक्तपेढीच्या खिडकीशी एक तरुण मागणीपत्र घेऊन आला. बायको बाळंत झाली होती, रक्तस्राव थांबत नव्हता. प्लाझ्माच्या चार पिशव्या हव्या होत्या. "साहेब, लगेच द्या ना." पिशव्या होत्या, पण दगडासारख्या गोठलेल्या.

उणे ३० अंशांखाली प्लाझ्मा वर्षभर टिकतो. त्या थंडीत प्लॅस्टिक मात्र काचेसारखं ठिसूळ होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून एक पिशवी टेबलावर जरा जोरात टेकली. तेव्हा काहीच दिसलं नाही. वितळल्यावर कोपऱ्यातून पिवळा थेंब झिरपला आणि कुणीतरी दिलेलं दान टाकून द्यावं लागलं. तेव्हापासून मी पिशवी दोन्ही हातांनी उचलतो. आधी तिच्यावरची खाच बघतो. गोठवताना बांधलेल्या रबरबँडची ती खूण. बुजलेली असेल तर पिशवी मधे कधीतरी वितळून पुन्हा गोठली असं समजायचं.

मग दुसऱ्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळून ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये. तोंडाच्या नळ्या पाण्याबाहेर हव्यात, कारण त्या कोमट पाण्यातले जंतू थेट रुग्णाच्या शिरेत जाऊ शकतात. पाणी आणखी तापवलं तर रक्त साकळवणारी प्रथिनं बिघडतात. फ्रिजमध्ये सावकाश वितळू दिलं तर तळाशी पांढरा साका बसतो. १९६०च्या दशकात स्टॅनफर्डच्या ज्युडिथ पूल यांनी याच साक्यातून हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी क्रायो हा रक्तघटक बनवण्याची सोपी रीत दाखवली. पण त्या साक्यात रक्त साकळवणारं फायब्रिनोजेनही उतरतं, आणि या बाईला तेच तर हवं होतं.

पिशवी हलकेच हलवत राहायची. बोटांना आत बर्फाचा खडा लागतो. तो बदामाएवढा होतो, मग लागेनासा होतो. उजेडात धरून तंतू, गुठळ्या, गळती बघायची. पंचवीस मिनिटं जातातच. तो तरुण काचेपलीकडून माझ्या हातांकडे बघत होता. मी त्याला बाथ दाखवला, काय चाललंय ते सांगितलं. एवढं सांगायला काहीच लागत नाही, तरी आम्ही ते फार कमी वेळा करतो.

आधीच वितळवून ठेवता येत नाही. वितळलेली पिशवी फ्रिजमध्ये २४ तास चालते, पुन्हा गोठवता येत नाही. म्हणून लेबर रूमला माझं कळकळीचं सांगणं असतं: कागद मागून येऊ दे, रक्तस्राव वाढतोय असं वाटलं की आधी फोन करा.

तीन वाजून चार मिनिटांनी लेबलवर वेळ लिहिली. खोका छातीशी धरून तो धावत गेला. दहा मिनिटांत फोन आला: आणखी दोन. मी फ्रीझर उघडला.