आठही हात वर

ऑगस्ट २०११. आयोवातलं एम्स शहर, मंचावर रिपब्लिकन पक्षाचे आठ इच्छुक. प्रश्न आला: सरकारी खर्चात दहा डॉलरची कपात आणि त्याबदल्यात एकच डॉलर करवाढ, हा सौदा कोण नाकारेल? आठही हात वर! इथे बसून बघताना मी थक्क झालो. अहो, हंट्समन, रॉम्नी यांच्यासारखे मवाळसुद्धा? पण बघा, आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. तिथे ते प्राथमिक फेरीतला मतदार देतो. संख्येने थोडा, मताने कडवा. जानेवारी २०१२ मध्ये आयोवात जेमतेम सव्वा लाख मतं पडली आणि अंतिम मोजणीत सँटोरम रॉम्नींच्या पुढे निघाले अवघ्या ३४ मतांनी. अशा ठिकाणी हात खाली कोण ठेवणार? ऑक्टोबरात डेन्व्हरच्या वादचर्चेत ओबामांनी सगळ्या देशासमोर रॉम्नींना नेमकं तेच उत्तर ऐकवलं.